खराट्याच्या काड्या : नववीच्या तेवीस प्रकल्पांचे आठ महिने

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी गणित आणि विज्ञान शिकवते. २०२४-२५ या वर्षात नववीच्या तेवीस मुलांनी स्वतः निवडलेला एकेक प्रकल्प केला आणि मी त्यांच्यासोबत होते. जूनमध्ये सुरू केलं, १८ जानेवारीला सादरीकरण झालं. सुरुवातीला कुणाचा तरी असा अनुभव वाचायला मिळावा म्हणून मी बरंच शोधलं. मिळाले ते सगळे मोठ्या शाळांचे, जिथं प्रयोगशाळा आहे, वाचनालय आहे, मुलांच्या हाती इंटरनेट आहे. आमच्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट आहे, आणि घरचा मोबाईल वडिलांच्या खिशातून कामावर जातो. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. मुलांची आणि गावाची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

‘प्रकल्प’ हा शब्द आमच्या मुलांना नवा नाही. वर्षात चार एफए (आकारिक मूल्यमापन) आणि दोन एसए (सत्राच्या परीक्षा) असतात, आणि एफएसाठी प्रत्येक विषयाचा काही ना काही उपक्रम द्यावाच लागतो. मूल दुकानातून छापील चित्रांचा कागद आणतं, कापून ड्रॉइंग शीटवर चिकटवतं आणि खाली पुस्तकातला मजकूर उतरवतं. बारा वर्षं मीही असेच प्रकल्प तपासले, गुण दिले. दोष मुलांचा नव्हता, आम्ही तेच मागत होतो. २०२४ च्या मार्चमध्ये एका मुलीला मी तिच्याच ‘जलचक्र’ तक्त्यावरचं एक वाक्य समजावून सांग म्हटलं. ती गप्प उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हापासून हे मनातून जात नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. पोर्शन मागे पडता कामा नये. मुलांकडून एक रुपया घ्यायचा नाही. मुलाला गावाबाहेर न्यायचं तर पालकांची सही हवी. शनिवारी शाळा सकाळची असते, तिचे शेवटचे दोन तास मला मिळाले, म्हणजे आठवड्याला ८० मिनिटं. शाळा सुधारणा समितीच्या बैठकीतही विषय ठेवला. एका पालकांनी सरळ विचारलं, “टीचर, दहावीला ह्याचा उपयोग काय?” दहावीची परीक्षा ६२५ गुणांची, तिथं यातलं काही दिसणार नाही, हे मी कबूल केलं. नववीच्या एफएमध्ये उपक्रम म्हणून धरता येईल, एवढंच माझ्या हातात होतं. त्यांना पटलं असं वाटलं नाही, पण कुणी विरोध केला नाही आणि ठराव झाला. तो ठराव रजिस्टरमध्ये लिहून घ्या आणि एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. दोन महिन्यांनी मला ती लागली.

१५ जूनच्या शनिवारी मुलांना सांगितलं, तुम्हाला आवडेल तो विषय लिहून द्या. तेवीस चिठ्ठ्यांपैकी नऊ ‘प्रदूषण’, चार ‘चांद्रयान’, तीन ‘झाडे लावा’. प्रत्येकाला विचारलं, “यातलं तुला माहीत नसलेलं काय आहे?” वर्गात एकदम शांतता. मुलांना विषय सुचतो, प्रश्न सुचत नाही, कारण प्रश्न आजवर आम्ही विचारले आणि त्यांनी उत्तरं दिली. हे वळण घ्यायला पाच शनिवार गेले, आणि आठ महिन्यांतलं सगळ्यांत अवघड काम हेच होतं. शेवटी एक नियम कामी आला. मोबाईलवर दोन मिनिटांत उत्तर मिळत असेल तर तो प्रश्न आपला नाही. ज्याच्यासाठी कुणाला तरी जाऊन विचारावं लागेल, काहीतरी मोजावं लागेल किंवा रोज बघावं लागेल, तो आपला.

मग हळूहळू विषय जमिनीवर येऊ लागले. ‘प्रदूषण’वाल्यांपैकी एक मलप्रभेवर आला. नदी आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, त्यामुळे ती सगळ्यांना घरची वाटते. तिथून तो ‘आमच्या घाटावर सोमवारी किती जण कपडे धुतात आणि पाणी किती गढूळ होतं’ इथवर आला. ‘कौलारू घरं’ लिहिणाऱ्या मुलाचा प्रश्न झाला, ‘कौल पाणी पितं का, आणि किती?’ एकीने ‘भाषा’ लिहिलं होतं. तिचं झालं, ‘माझी आई आणि माझी आजी एकाच भांड्याला काय म्हणतात?’ एकाने नुसतं ‘पाऊस’ लिहिलं होतं. तिसऱ्या शनिवारी तो म्हणाला, “टीचर, पेपरात खानापूरचा पाऊस लिहितात, तो आमच्या अंगणात पडतो तेवढाच असतो काय?” मी म्हटलं, हाच.

या काळात माझ्या हातून एक चूक झाली. तिघांना काही केल्या प्रश्न सुचेना, तेव्हा उशीर होईल या धास्तीने मीच प्रश्न देऊन टाकले. ऑगस्टपर्यंत त्या तिघांच्या वह्या कोऱ्या होत्या. शेवटी मी माझे प्रश्न परत घेतले आणि त्यांना पहिल्यापासून सुरू करू दिलं. दीड महिना वाया गेला तो माझ्यामुळे. मूल अडून बसलं तर अजून एक शनिवार थांबा, पण आपला प्रश्न त्याच्या वहीत घालू नका.

दुसरी अडचण वेळेची. ८० मिनिटांत तेवीस जणांशी बोलणं होत नाही, हे पहिल्याच महिन्यात कळलं. मग पाळी लावली. एका शनिवारी सात-आठ मुलं, प्रत्येकाला दहा मिनिटं, बाकीच्यांनी वही लिहायची किंवा एकमेकांना दाखवायची. म्हणजे प्रत्येकाची पाळी तीन आठवड्यांनी यायची. कमीच वाटतं, पण मधल्या काळात मुलं एकमेकांना विचारू लागली आणि ते माझ्यापेक्षा बरं चाललं.

जुलैत पाऊस सुरू झाला तो थांबेना. शेवटच्या आठवड्यात अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्ट्या दिल्या होत्या. पावसाच्या मुलाने १ जुलैपासून नोंद सुरू केली होती. त्याच्याकडे दुकानातली फरसाणाची रिकामी प्लास्टिकची बरणी होती. ती अंगणात, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, दगडांच्या चबुतऱ्यावर ठेवली. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, हे मी त्याला सांगितलं होतं, आणि तिथंच घोटाळा झाला, कारण त्याची बस सव्वाआठची. घरी राहते ती आजी, आणि तिला आकडे वाचता येत नाहीत. पहिल्या आठवड्यात तो संध्याकाळी मोजायचा, आणि दिवसभराचा पाऊस त्यात मिसळायचा. मी काही सुचवणार एवढ्यात त्याने आठवड्यानंतर खिशातून खराट्याच्या तुटक्या काड्या काढून बाकावर ठेवल्या. आजी रोज साडेआठच्या बातम्या लागल्या की बरणीत खराट्याचा एक हीर उभा धरायची, ओला झाला तिथं मोडायची, बरणी पालथी करायची आणि तुकडा कोनाड्यात ठेवायची. नातू संध्याकाळी घरी येऊन तो तुकडा पट्टीवर मोजायचा. असं त्यांनी ९२ दिवस केलं. ७१ काड्या, १८ दिवस कोरडे, आणि तीन दिवस वासराने बरणी पाडली.

आता कचेरीचं. पेपरातल्या आकड्याशी तुलना करायची तर रोजचे अधिकृत आकडे हवे होते. ५ ऑगस्टला मी तालुक्यातल्या एका कार्यालयात गेले. अर्ज मराठीत होता. तो कन्नडमध्ये आणा आणि सोबत शाळेचं पत्र जोडा, असं सांगून परत दिला. दुसऱ्या दिवशी शाळेत कन्नडच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, माझ्याआधी त्या भाषावाल्या मुलीला लिहू दे. तिची आई बैलहोंगलकडची, घरात आईशी कन्नड, आजीशी मराठी. वर्गात तिच्या मराठीला पोरं हसायची, म्हणून ती बोलायचीच कमी. तिने समोर बसून अर्ज लिहिला, सरांनी दोन ठिकाणी दुरुस्त केला. लिहिता लिहिता ती मला म्हणाली, “टीचर, अर्जाला कन्नडमध्ये अर्जीच म्हणतात. विषयाला विषयच. कचेरी पण कचेरीच.” तिची वही तोवर फक्त स्वयंपाकघरापुरती होती, त्या दिवसापासून ती घराबाहेर पडली.

१२ ऑगस्टला दुसरी फेरी. मुख्याध्यापकांचं पत्र आणि समितीच्या ठरावाची झेरॉक्स सोबत होती. अर्ज घेतला. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर पुढच्या फेरीला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. मग वाट बघणं. गणपती बसले, ११ सप्टेंबरला तिसऱ्या फेरीत आकडे मिळाले, बरोबर तीस दिवसांनी. बायकांना सरकारी बस मोफत करणाऱ्या शक्ती योजनेमुळे आधार कार्ड दाखवून माझा बसचा खर्च झाला नाही, पण तीन अर्ध्या रजा गेल्या. मला फार उशिरा समजलं की राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापक यंत्रं ग्रामपंचायत पातळीपर्यंत आहेत आणि ‘वरुणमित्र’ नावाची त्यांची मदतवाणी आहे. कुणी पावसावर काम करणार असेल तर आधी तिथं फोन करा.

आकडे आले आणि पावसाच्या मुलाचा चेहरा उतरला. कचेरीचे आकडे त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट होते. ज्या दिवशी त्याची काडी ७६ मिलिमीटर, त्या दिवशी तिकडे १२८. दुसऱ्या एका दिवशी त्याचे १८, तिकडे ३५. “आजीनं नीट मोडली नसंल,” तो म्हणाला, आणि लगेच, “न्हाई, आजी नीटच मोडती.” कारण मला दिसलं होतं. बरणीचं तोंड अरुंद होतं, पोट रुंद. सांगितलं असतं तर एका मिनिटात संपलं असतं. मी एवढंच म्हटलं, आकडे कधी जास्त, कधी कमी चुकलेत का सगळीकडे सारखेच कमी आहेत ते बघ. त्यानंतरचे दोन शनिवार मी गप्प बसले. शिक्षकाला गप्प बसणं किती जड जातं ते मी तेव्हा अनुभवलं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगायची, आज पण नाही सांगितलं.

तिसऱ्या शनिवारी तो शाळा भरायच्या आधी येऊन दारात उभा होता. घागर भरताना त्याला दिसलं होतं. “टीचर, पाऊस तोंडातनं आत जातो, पण साठतो पोटात. तोंड लहान, पोट मोठं.” मोजलं. तोंडाचा व्यास ९ सेंटिमीटर, पोटाचा १२. वर्तुळाचं क्षेत्रफळ आम्ही आठवीतच केलं होतं, पण त्या दिवशी ते त्याने स्वतःहून काढलं. ८१ ला १४४, म्हणजे ९ ला १६. प्रत्येक काडीला १६ ने गुणायचं, ९ ने भागायचं. ७६ चे १३५ झाले. कचेरीचे १२८ आणि याचे १३५. हा फरक का, म्हणून तो पुन्हा काळजीत पडला. त्यांचं यंत्र आमच्यापासून काही किलोमीटरवर आहे, पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही, हे त्याचं त्यालाच सुचलं, कारण जूनमधला त्याचा प्रश्न तोच होता. हवामान खात्याच्या भाषेत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ पासून २०४.४ पर्यंत अतिमुसळधार. नुसती काडी मानली तर तो दिवस मुसळधार होता, बरणीचं तोंड मोजल्यावर अतिमुसळधार झाला.

हे सांगताना सप्टेंबर उड्या मारत गेल्यासारखा वाटेल, पण तसा तो गेला नाही. गणपतीनंतर सगळ्या वह्या थंडावल्या. एसएची परीक्षा तोंडावर, घरी भाताची खुरपणी, कुणाला उत्साह नाही. एका शनिवारी तेवीसपैकी आठ वह्या आल्या. पुढच्या वर्षी हे करायचं नाही असं मी त्या रात्री ठरवलंही होतं. बाकीच्या शिक्षकांना विचारलं तर त्यांनी समजुतीने सांगितलं की मुलांना लागोपाठ इतके महिने एका गोष्टीत ठेवणं कठीणच असतं. मी परीक्षेपर्यंत प्रकल्प पूर्ण बंद ठेवला, ३ ते २० ऑक्टोबर दसऱ्याची सुट्टी गेली आणि मग पुन्हा सुरू केलं. वह्या परत आल्या. आता वाटतं, हा खंड वेळापत्रकात आधीच धरायला हवा होता.

त्याच दिवसांतली एक घटना. एका मुलाचा प्रश्न होता, ‘संध्याकाळची बस किती वाजता येते?’ रोजची वेळ लिहायची. २१ सप्टेंबरला त्याची वही बघितली. एकही रकाना रिकामा नाही, आणि सगळ्या वेळा पाच-दहाच्या पटीत. ५:२०, ५:३०, ५:२५. १९ तारखेला त्याने ५:३० लिहिलं होतं. १९ तारखेला ती बस आलीच नव्हती. मी थांब्यावर होते, सात वाजता दुधाच्या टेम्पोतून खानापूरला गेले. मी त्याला बाजूला नेऊन एवढंच सांगितलं की त्या संध्याकाळी मी तिथं होते. तो खाली बघून म्हणाला, “रिकामं ठेवलं तर तुम्ही रागवशीला वाटलं.”

मी त्याच्यावर रागावू शकले नाही. बारा वर्षं माझ्या वर्गात रिकाम्या जागेवर लाल शाई पडत आली आहे. त्याने तेच शिकलं होतं. दुसऱ्या शनिवारी सगळ्यांना सांगितलं, रिकामा रकाना ही पण नोंद आहे, फक्त पुढे कारण लिहा. पावसाच्या मुलाच्या वहीतली ‘वासराने पाडली’ ही तीन दिवसांची नोंद फळ्यावर लिहून दाखवली. त्या तासात आणखी सात जणांनी गुपचूप काही आकडे खोडले, मी बघितलं नाही असं दाखवलं. बसवाल्याने सुट्टीनंतर नव्याने ३१ दिवस नोंद केली. त्यात सहा रकाने रिकामे होते, आणि मिनिटं ५:२३, ५:४१, ५:१८ अशी.

कौलांच्या मुलाचं काम सरळ झालं, म्हणून थोडक्यात सांगते. मलप्रभेकाठच्या मातीमुळे खानापुरात कौलांचे कारखाने आणि कुंभारकाम वाढलं, ग्रामीण कुंभारकामाचं शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही खानापुरात आहे. त्याचे वडील भट्टीवर काम करत होते. त्याने पाच नवी आणि पाच आजोबांच्या काळची कौलं घेतली, वाण्याच्या वजनकाट्यावर कोरडी तोलली, चोवीस तास पाण्यात ठेवली, पुसून पुन्हा तोलली. २ किलो ४०० ग्रॅमचं नवं कौल २ किलो ७६० झालं, म्हणजे १५ टक्के पाणी प्यायलं. जुनी कौलं सरासरी ११ टक्क्यांवर थांबली. वहीत शेवटी त्याने आपणहून लिहिलं, ‘पाच कौलांवरून सगळ्या कौलांचं सांगता येत नाही.’ ते वाक्य मी दोनदा वाचलं.

एका मुलीचा प्रश्न होता, ‘आईचा दिवस कुठे जातो?’ ती दर अर्ध्या तासाला आई काय करते ते लिहायची. वडील गोव्यात कामाला. गणपतीला घरी आले, वही बघून चिडले. “घरातलं बाहेर कशाला?” मी त्यांच्या घरी गेले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि मी परवानगीपत्रावर सही घेताना प्रकल्पात काय लिहिलं जाणार हे नीट समजावलं नव्हतं. वही मुलीकडेच राहील, वर्गात फक्त तासांची बेरीज सांगायची, असं ठरलं. चुलीपुढून आई म्हणाली, “लिहू दे तिला. मला पण बघायचं हाय.” घरातल्या माणसांवर प्रकल्प असेल तर ज्याच्याबद्दल लिहिणार त्या माणसाला आधी विचारा. मी वडिलांची सही घेतली होती, आईला विचारलंच नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये ते कुटुंब गोव्याला गेलं. मुलीने शाळेचा दाखला नेला, सोबत वही नेली. तेवीसची बावीस झाली असं मी धरून चालले होते. डिसेंबरच्या मध्यावर तिच्या वडिलांच्या मोबाईलवरून वहीच्या दोन पानांचे फोटो आले आणि खाली संदेश : “टीचर, हितं नळ घरात आहे. आईचा रोजचा सव्वा तास वाचतो.”

१ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्याच्या स्थापना दिवसाच्या, आसपास आमच्या भागात भाषेवरून वातावरण तापलेलं असतं, ते सीमाभागातल्या कुणाला सांगायला नको. त्या आठवड्यात भाषावाल्या मुलीच्या वहीत मडके आणि मडिके, गाडगे आणि गडिगे, तूप आणि तुप्प, अडकित्ता आणि अडकत्ती अशा जोड्या शेजारी शेजारी लिहिलेल्या होत्या. बुट्टी तर दोन्ही रकान्यांत बुट्टीच. कुठला शब्द कुणाकडून आला, हे तिने मला विचारलं. मी म्हटलं, ते सांगायला मोठा अभ्यास लागतो, आपण कुठं काय बोलतात एवढंच नीट लिहू. शेवटी ६४ जोड्या झाल्या.

डिसेंबर लिहिण्यात गेला. प्रत्येकाने चारच गोष्टी लिहायच्या : माझा प्रश्न, मी काय केलं, मला काय सापडलं, मला काय कळलं नाही. चौथी गोष्ट लिहायला मुलं सगळ्यांत घाबरली आणि माझ्या मते तिथंच सगळ्यांत चांगलं लिहिलं. शुद्धलेखन मी सुधारलं, त्यांची बोली सुधारली नाही. ‘आजी काडी मोडती’ हे ‘मोडते’ करावं असं मला कुठंच वाटलं नाही.

सादरीकरण २७ डिसेंबरला ठरवलं होतं. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याला त्या दिवशी शंभर वर्षं होत होती. गावातल्या जुन्या विहिरीवर काम करणाऱ्या मुलीने त्या अधिवेशनाच्या पाण्यासाठी टिळकवाडीत खणलेल्या विहिरीचीही माहिती घेतली होती, म्हणून मुख्याध्यापकांनी तोच दिवस धरला. २६ तारखेला संध्याकाळी वर्ग सजवून आम्ही घरी गेलो. रात्री डॉ. मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर झाली. मोबाईल नसलेल्या घरातली चार मुलं सकाळी वह्या घेऊन शाळेत आली होती. मी पुढे संक्रांतीनंतरचा शनिवार, १८ जानेवारी, धरला. बाहेरच्या लोकांना बोलावणार असाल तर दुसरा दिवसही आधीच ठरवून ठेवा.

१८ तारखेला ४० च्या वर माणसं आली. बक्षीस ठेवलं नव्हतं, क्रमांक काढले नाहीत. प्रत्येक मूल आपल्या बाकापाशी उभं, लोकांनी फिरून विचारायचं. भाषावाल्या मुलीची आई कन्नडमध्ये सांगत होती आणि मुलगी शेजारी उभी राहून मराठीत, मोठ्याने. बसवाल्याला गावातल्या लोकांनीच जास्त प्रश्न विचारले. गोव्याला गेलेल्या मुलीचा बाक आम्ही ठेवला होता, तिच्या परवानगीने तासांची बेरीज तिच्या मैत्रिणीने सांगितली.

पावसाच्या मुलाने ७१ काड्या पांढऱ्या कागदावर तारखेप्रमाणे ओळीने उभ्या चिकटवल्या होत्या, कोरड्या दिवसांची जागा मोकळी सोडून. स्तंभालेख मी वर्गात शिकवते, पण असा कधी बघितला नव्हता. खाली हिशेब होता : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. घराचं छप्पर ९ मीटर बाय ६ मीटर, म्हणजे ५४ चौरस मीटर. त्या १३५ मिलिमीटरच्या दिवशी छपरावर ७,२९० लिटर पाणी पडलं, १५ लिटरची घागर धरली तर ४८६ घागरी. एप्रिलमध्ये त्याच घरातली बाई बोअरला रांगेत उभी असते. हे त्याने सांगितलं नाही, समोर उभ्या बायकांनी आपसात म्हटलं.

एकूण खर्च १,८६० रुपये झाला. वह्या ६९०, टेप आणि पट्ट्या १४०, झेरॉक्स २१०, कागद-डिंक-दोरी १८०, आणि त्या दिवशीचा चहा-चिवडा ६४०. चहा-चिवड्याचे पैसे मुख्याध्यापकांनी आग्रहाने स्वतः दिले, बाकी मी. एफएच्या नोंदीत उपक्रम म्हणून गुण लावले आणि प्रत्येकाच्या चार मुद्द्यांच्या पानाची झेरॉक्स फाईलला जोडली. वह्या मुलांना परत दिल्या, त्या शाळेत ठेवायच्या नाहीत हे आधीच ठरवलं होतं.

सगळे गेल्यावर पावसाच्या मुलाची आजी काड्यांच्या कागदापाशी एकटीच उभी होती. एका मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, “ह्या दिवशी वासरानं पाडलं.” मग विचारलं, हे घरी न्यायला चालतं काय. मी म्हटलं, तुमचंच आहे आजी. त्या म्हणाल्या, “मृग लागला की परत धरतो मी काडी. ह्या वक्ताला सरळ तोंडाचा डबा आण म्हणून पोराला सांगितलंय.”